पाणचक्की, जाते आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांचे उत्तरदायित्व

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा प्रश्न पुरातत्त्वज्ञ, वास्तुविशारद आणि नगरपालिका यांच्यावर सोपवून साहित्याचे अभ्यासक आपल्याकडे सहसा मोकळे होतात. दगडविटांचे काय करावे हे त्या त्या क्षेत्रातील जाणकारांनी ठरवावे, आपला संबंध शब्दांशी आहे, अशी यामागची भूमिका असते. ही भूमिका वरवर विनयाची वाटली तरी तिच्यामुळे काही वास्तूंचे कायमचे नुकसान होत आले आहे. ज्या वास्तूंचा अर्थ ग्रंथांच्या आणि बोलींच्या साहाय्यावाचून उलगडतच नाही, त्यांच्याविषयी शब्दांच्या अभ्यासकानेच मौन पाळले तर इतरांनी बोलावे तरी कशाच्या आधारावर? औरंगाबादची, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की ही अशा वास्तूंपैकी एक आहे. तिच्या जतनाच्या प्रश्नात भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष घातले पाहिजे आणि ते केवळ सद्भावनेपोटी नव्हे, तर आपल्या विद्याशाखेचे काम म्हणून घातले पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्रथम वास्तूविषयी. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्यालगत, बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफी सत्पुरुषाचा दर्गा आहे. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांचीही समाधी तेथेच आहे. हे दोघेही मध्य आशियातील बुखाऱ्याजवळच्या घिझदुवान या गावचे. (‘पलंगपोश’ या नावाने मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. फार्सीत पलंग म्हणजे बिबट्या. बिबट्याचे कातडे पांघरणारा तो पलंगपोश.) दर्ग्याच्या आवारात मशीद, तकिया, हौद आणि पाण्यावर चालणारी पिठाची चक्की आहे. चक्कीच्या बांधणीचे साल कोठे १६९५ तर कोठे १७४४ असे दिलेले आढळते. सगळे बांधकाम एका वेळचे नसून टप्प्याटप्प्याने वाढत गेले असावे, आणि तुर्कताजखान व जमीलबेगखान या सरदारांची नावे त्या टप्प्यांशी जोडली जातात, एवढे आपल्या प्रयोजनापुरते पुरे आहे.

या चक्कीची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. हर्सूलच्या बाजूच्या उगमातून भूमिगत नहरीने काही किलोमीटरचा प्रवास करून पाणी येथे पोचते. खापरी नळांतून केवळ उताराच्या बळावर ते वाहते, आणि शेवटी त्याच दाबाने एका उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते. तेथून त्याचा काही भाग धबधब्यासारखा हौदात कोसळतो. काही भाग नळावाटे खाली येऊन लोखंडी पात्यांच्या आडव्या चाकावर आदळतो. चाकाचा उभा कणा जात्याच्या वरच्या तळीला जोडलेला असल्यामुळे मध्ये दातेरी चक्रांचा पसारा नाही. पाणी पडते, चाक फिरते, तळी फिरते आणि पीठ निघते. या पिठावर तकियातील दरवेशांची, वाटसरूंची आणि गोरगरिबांची भाकरी होत असे. हौदाच्या खाली प्रशस्त दालन आहे. छतावर पाणी असल्यामुळे ते मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यातही गार राहते. हौदातले पाणी पुढे खामेकडे जाते. उगम, नहर, भिंत, चाक, भटारखाना, हौद आणि नदी ही एकाच प्रवाहाची सात स्थाने आहेत, आणि त्यांपैकी कोणतेही एक वगळले तर उरलेल्यांचा अर्थ अपुरा राहतो.

या शहराला नहरींची परंपरा त्याआधीपासून होती. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत नहर-ए-अंबरीने तिला पाणी पुरवले. पुढच्या शतकात पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी शहरात आणले. त्या भुयारी मार्गावरील हवा खेळती ठेवणाऱ्या बांधकामांना ‘उच्छ्वास’ हे सुंदर नाव मराठीने दिले. खडकीची नहर आणि कात्रजची नहर यांच्यामागे परस्परांशी झुंजणाऱ्या सत्ता होत्या, पण त्यांची जलविद्या एकाच कुळातील दिसते. जमिनीचा उतार वाचता येणे ही कोणत्याही एका दरबाराची मिरास नव्हती.

आज या पाणचक्कीची स्थिती काय आहे? ती पर्यटकांच्या यादीत आहे. तिकीट काढून लोक येतात, हौदाकाठी वडाच्या सावलीत बसतात, छायाचित्रे काढतात. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही याच परिसरात आहे. तेव्हा तिला उपेक्षित कसे म्हणावे, असा प्रश्न कोणी विचारील. उपेक्षा झाली आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या भागाची. शहर वाढत गेले तशी नहरीच्या मार्गावर घरे आली, रस्ते आले. नळ ठिकठिकाणी फुटले, त्यांत सांडपाणी शिरले, मनोरे ढासळले. धबधबा हा शोभेचा भाग मानल्यामुळे त्याची काळजी वाहिली जाते. पण धबधब्याला पाणी आणणारी नहर जमिनीखाली असल्यामुळे ती कोणाच्याच हिशेबात येत नाही. चाक दाखवण्यापुरते फिरवले जाते आणि दळण हा तिचा मूळ धर्म इतिहासजमा झाला आहे. हे असेच चालले तर हौदात बाहेरून पाणी भरून विजेच्या पंपाने धबधबा चालू ठेवण्याची वेळ येईल, आणि त्या दिवशी पाणचक्कीच्या जागी एक कारंजे उरेल.

दिल्लीकरांना हे भय काल्पनिक वाटू नये. शाहजहानच्या काळात अलीमर्दानखानाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कालव्याचे पाणी चांदणी चौकाच्या मधोमध वाहत असे. अठराव्या शतकात तो आटला, १८२० मध्ये इंग्रजांनी त्यात पुन्हा पाणी सोडले, आणि पुढे तो शहराच्या पोटात गडप झाला. आज चांदणी चौकात उभे राहून त्याचा मागमूस शोधणाऱ्याला जुन्या चित्रांचा आणि वर्णनांचाच आधार घ्यावा लागतो. नामशेष झालेल्या नहरीचे असे साहित्यातून पुनर्वसन करता येते, नाही असे नाही. पण जी नहर अजून पूर्णपणे मेलेली नाही तिच्या बाबतीत या उपायावर संतुष्ट राहणे हा आळस होय.

आता ग्रंथांकडे वळू. पाणचक्कीच्या तकियात एक ग्रंथ जन्माला आला, ही गोष्ट या वास्तूच्या वर्णनांत फार क्वचित सांगितली जाते. बाबा मुसाफिरांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी दोन्ही गुरूंच्या आठवणी आणि वचने फार्सीत संकलित केली. ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’ या नावाने ती प्रसिद्ध आहेत. सायमन डिग्बी यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रकाशित झाला, आणि नाइल ग्रीन यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात औरंगाबादच्या सूफी स्थानांची चर्चा करताना या परंपरेचा सविस्तर परामर्श घेतला. या मल्फूजातीची पार्श्वभूमी आहे ती औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमांची. बाबा पलंगपोश हे गाझीउद्दीनखान फिरोजजंगाच्या, म्हणजे पहिल्या निजामाच्या वडिलांच्या, लष्कराबरोबर हिंडणारे पीर होते, तर बाबा मुसाफिर एका जागी ठाण मांडून आल्यागेल्याची सोय पाहणारे. एकाच गुरुशिष्यपरंपरेत लष्कर आणि लंगर असे दोन ध्रुव यावेत, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. ज्या काळाचा इतिहास आपण मराठी बखरींतून वाचतो त्याच काळाचे हे पलीकडच्या छावणीतून दिसणारे चित्र आहे आणि त्यात शिपाई, सौदागर, कारागीर व फकीर यांची बारीकसारीक हालहवाल मिळते. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक तरी त्याच्याकडे पाठ फिरवू शकत नाही.

या तकियाशी आणखी एका मोठ्या लेखकाचे नाव निगडित आहे. बिलग्रामचे मीर गुलाम अली आझाद (१७०४–१७८६) औरंगाबादेत स्थायिक झाले तेव्हा आरंभीची सुमारे सात वर्षे त्यांनी बाबा मुसाफिरांच्या तकियात काढली. अरबी आणि फार्सी या दोन्ही भाषांत त्यांनी विपुल लेखन केले. ‘सुबहतुल मरजान’ या अरबी ग्रंथात त्यांनी भारतीय अलंकारविचार आणि नायिकाभेद अरबी वाचकापुढे मांडला. शाहनवाजखानाच्या १७५८ मधील हत्येनंतर विखुरलेले ‘मआसिरुल उमरा’चे हस्तलिखित शोधून, जुळवून, ते ग्रंथरूपाला आणण्याचे श्रेयही त्यांचेच. आपल्या विद्यापीठांतून तुलनात्मक साहित्याचा अभ्यास हा गेल्या शतकातील पाश्चात्त्य विचाराचा परिणाम म्हणून शिकवला जातो. अठराव्या शतकात मराठी मुलखातल्या एका शहरात संस्कृत-हिंदी काव्यशास्त्रातील संज्ञांना अरबी पर्याय घडवणारा लेखक वावरत होता आणि त्याचे पहिले आश्रयस्थान एक पाणचक्की होती, हे ध्यानात घेतले तर त्या अभ्यासाची वंशावळ आपल्याला थोडी वेगळी मांडावी लागेल. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना या स्थळाचे अगत्य वाटावे याला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

तथापि प्रश्न केवळ फार्सी-अरबी ग्रंथांचा नाही. दळणाच्या क्रियेभोवती भारतीय भाषांत जो शब्दसंसार उभा आहे, त्याच्याशीही पाणचक्कीचे नाते आहे. संस्कृतात जात्याला ‘घरट्ट’ असा एक शब्द आहे. खानदेशात त्याचे ‘घरोट’, ‘घरोटा’ झाले आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे ते साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. हिमालयाच्या उतारांवर याच कुळातले ‘घराट’, ‘घट’ हे शब्द हातजात्याला नव्हे, तर पाण्यावरच्या चक्कीला लावले जातात. यमुनेपलीकडच्या पूर्व दिल्लीत, मयूर विहार आणि विनोदनगरच्या परिसरात, गढवाली आणि कुमाऊँनी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यातील वडीलधाऱ्यांना घराट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ओढ्याकाठची ती दगडी खोपटी त्यांच्या गावच्या भूगोलाचा भाग असते. त्याच वस्त्यांतल्या मराठी घरी घरोटा म्हटले की आजीचे जाते आठवते. एकच शब्द डोंगरात पाण्याच्या स्वाधीन झाला आणि तापीकाठी बाईच्या हाती राहिला. या एका भेदात भारतीय समाजाच्या श्रमविभागणीचा केवढा तरी इतिहास साठवलेला आहे.

घराटाचे चाक आडवे आणि त्याचा कणा उभा असतो. औरंगाबादच्या पाणचक्कीचेही तसेच आहे. मध्य आशियातून आलेल्या सूफींच्या आवारात आणि गढवालच्या ओढ्यावर एकाच तत्त्वाचे यंत्र चालते. इकडे एकोणिसाव्या शतकात, १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगेच्या कालव्यावर, पाणी जेथे पातळी सोडून खाली पडते तेथे इंग्रजी अमदानीत चक्क्या बसवल्या गेल्या. पूर्व दिल्लीच्या बऱ्याच भागाला नळाने येणारे पाणी मुरादनगरवरून येणारे त्याच कालव्याचे पाणी आहे. म्हणजे पाणचक्की ही दिल्लीकर वाचकाला परक्या प्रांतातली नवलाई नाही. मराठीने मात्र ‘पनचक्की’चे ‘पाणचक्की’ करून तिला पाणवठा आणि पाणबुडी यांच्या पंगतीत बसवले. भाषेने जिला इतके सहज आपले केले तिच्याविषयी तिच्या अभ्यासकांनी परकेपणा बाळगावा, हे विसंगत आहे.

मराठी वाङ्मयाचा विचार करताना दळणाचा विषय निघाला की आपण जात्यावरच्या ओव्यांकडे वळतो आणि ते योग्यच आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या कामात आयुष्य वेचले, गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला आणि २०१७ पासून तो ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून वाचकांना, श्रोत्यांना उपलब्ध होत गेला. पहाटे उठून जात्याशी बसणाऱ्या बाईने माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास आणि अलीकडच्या काळात बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी जे गायिले, ते मराठीतील स्त्रीवाङ्मयाचे सर्वांत मोठे भांडार आहे. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागतो ही कथा या मातीत रुजली, कारण दळण एकटीने ओढण्याचे ओझे किती असते हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होते.

पाणचक्कीपाशी कोणी ओवी गायिली नाही. चाकाला सोबतीची गरज नसते. तिच्या वाट्याला आले ते दरवेशांचे गद्य. एका पिठाची ही दोन वाङ्मये आहेत. जाते ओढणारीचे वाङ्मय मौखिक, पद्य आणि मराठी. पीठ वाटणाऱ्याचे वाङ्मय लिखित, गद्य आणि फार्सी. आपल्या अभ्यासक्रमांत ही दोन्ही एकमेकांना कधी भेटत नाहीत. पहिले लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत जाते, दुसरे इतिहासाच्या साधनांत, आणि ज्या वास्तूपाशी दोन्हींची गाठ पडू शकते ती पर्यटन विभागाच्या पुस्तिकेत.

या दोहोंना एकत्र ठेवताच एक अवघड प्रश्न समोर येतो. दळणाचे कष्ट माणसाच्या, म्हणजे बहुतेककरून बाईच्या, अंगावरून उतरवणारे साधन अठराव्या शतकात औरंगाबादेत प्रत्यक्ष चालू होते. असे असता त्याच मराठवाड्यात विसाव्या शतकापर्यंत बायका पहाटेच्या अंधारात जाते ओढीत राहिल्या. ग्रीक कवी अँटिपाटरने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी पाणचक्कीचे स्वागत करताना दळणाऱ्या स्त्रियांना आता विश्रांती घेण्यास सांगितले होते. त्या कवितेचा हवाला मार्क्सने ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात (१८६७) दिला. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लोक यांनी १९३५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की पाणचक्कीचा शोध प्राचीन असला तरी तिचा प्रसार मध्ययुगात झाला. माणसांची मेहनत स्वस्तात मिळते तोवर यंत्राची निकड कोणाला भासत नाही. आपल्याकडे पाण्याची दुर्मीळता हे एक कारण होतेच. दख्खनच्या पठारावर बारमाही ओढे कमी. पण बाईची मेहनत फुकट मिळत होती, हेही कारण नाकारता येत नाही. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ अशी आपली म्हण आहे. त्या म्हणीतही दळणारीचा उल्लेख नाही.

जतनाच्या प्रश्नात याचा उपयोग काय? माझ्या मते फार मोठा आहे. आपण ओव्या जतन केल्या, पण जात्याचे कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणाले नाही आणि म्हणूही नये. गिरणी आली, जाते मागे पडले आणि ओवी गाण्याचे निमित्तच नाहीसे झाले. तेथे आपल्याला निवड करावी लागली: गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आणि श्रम जाऊ द्यायचे. जाते संग्रहालयात ठेवणे न्याय्य आहे, कारण ते फिरते ठेवायचे तर कोणाला तरी त्याच्याशी बसवावे लागेल. पाणचक्कीला हा न्याय लागू पडत नाही. ती चालती ठेवण्यात कोणाच्याही खांद्यांचा बळी पडत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासाने आपल्याला शिकवले की प्रसंगापासून तोडलेली संहिता अर्धी मरते. ओवीच्या बाबतीत ते अर्धे मरण आपण नाइलाजाने पत्करले. पाणचक्कीच्या बाबतीत तसा नाइलाज नसताना तिचे जिवंत कार्य बंद पडू देणे आणि तिचा सांगाडा रंगवून ठेवणे, याला जतन म्हणता येणार नाही. या वास्तूचे जतन म्हणजे तिचा प्रवाह चालू ठेवणे. वाहते पाणी नसेल तर बाकी सारे असूनही ती नाही.

यावर काही आक्षेप येतील. पहिला पाण्याचा. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे चाक फिरवण्यासाठी पाणी खर्चावे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो गैरसमजावर उभा आहे. पाणचक्की पाण्याची केवळ उंची घेते. पाणी खाली पडते आणि पुढे जाते, ते पुन्हा वापरता येते. आज शहराची तहान भागते ती मुख्यतः पैठणच्या जायकवाडी जलाशयावर आणि ते पाणी विजेच्या बळावर चढ चढवून आणावे लागते. उताराने, विजेवाचून येणाऱ्या नहरीचे पाणी थोडे असले तरी ते टाकून देण्याजोगे नाही. नहर दुरुस्त करणे हे जुन्याचे कोडकौतुक नसून टंचाईच्या शहराला परवडणारे शहाणपण आहे. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने नागरिक आणि संस्थांच्या साहाय्याने हाती घेतले. ज्या शहराला आपली नदी पुन्हा हवीशी वाटते, त्याला नहरीचे महत्त्व पटवणे अशक्य नसावे.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण असतो. हे स्थळ एका धर्माचे, त्यातही औरंगजेबाच्या लष्कराशी संबंध असलेल्या पीरांचे. शहराचे नावही आता बदलले. तेव्हा मराठी समाजाने याचा कैवार का घ्यावा? याला उत्तर असे की इतिहासातील बाजू पुसून टाकण्याची मागणी येथे कोणी करीत नाही. बाबा पलंगपोश शत्रूच्या छावणीतले होते हे मराठी वाचकाने जाणूनच मल्फूजात वाचावी. तशी वाचल्यानेच तिचे मोल कळेल. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ मध्ये ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिले तेव्हा मराठीचा संसार किती व्यापक आहे याची जाणीव त्यांनी करून दिली. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्या’चे खंड सिद्ध केले आणि सेतुमाधवराव पगडींनी फार्सी-उर्दूतील कितीतरी सामग्री मराठीत आणली. हे विद्वान शिवकालाचे आणि मराठेशाहीचे अभ्यासक होते, आणि प्रतिपक्षाची साक्ष मूळ भाषेत वाचल्याविना आपला इतिहास पुरा होत नाही, अशी त्यांची निष्ठा होती. ती निष्ठा क्षीण झाली, मराठी विभागांतून फार्सी जाणणारे विरळ झाले, आणि त्याच सुमारास पाणचक्कीसारख्या वास्तू मराठी वाचकाच्या दृष्टीने मुक्या झाल्या. या दोन घटना मी परस्परांपासून वेगळ्या मानीत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच बंधूंचा: हे काम साहित्य विभागांचे आहे काय? नहर दुरुस्त करणे आपले काम नव्हे, हे खरे. परंतु काय दुरुस्त करायचे, कशासाठी करायचे आणि त्या प्रत्येक अवयवाचे नाव काय, हे सांगणे आपले काम आहे. त्या दृष्टीने काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना, ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’चा सटीप मराठी अनुवाद थेट फार्सीवरून व्हावा. इंग्रजीवरून केलेला अनुवाद सोपा पडेल, पण त्यात मूळ संज्ञा पुसल्या जातील; आणि ज्या मराठीत ‘तकिया’, ‘लंगर’, ‘हौद’, ‘नहर’ हे शब्द आधीच नांदत आहेत, तिला इंग्रजीचा वळसा घेण्याचे कारण नाही. केंद्रीय विद्यापीठांत फार्सी, उर्दू आणि मराठी यांचे अध्यापन एकाच छताखाली होऊ शकते, ही सोय प्रादेशिक विद्यापीठांना क्वचितच लाभते. तिचा उपयोग अशा कामी व्हावा.

दुसरी सूचना शब्दसंग्रहाची. नहरीवर, चक्कीवर, जात्यावर काम केलेल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करावेत. जात्याचा खुंटा, त्यात घालायचा घास, बोथट झालेल्या तळीला लावायची टाकी, ती टाकी लावणारा पाथरवट. नहरीचा नळ, मनोरा, हौद. आणि हिमालयातील घराटांचे याच अवयवांचे शब्द. मराठी, दखनी, गढवाली, कुमाऊँनी यांचा असा एकत्रित कोश झाला तर तो भाषाशास्त्रालाही उपयोगी पडेल आणि उद्या चाक दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही. डेहराडूनच्या ‘हेस्को’ने अनिल जोशी यांच्या नेतृत्वाखाली जुने घराट सुधारून पुन्हा चालते केले. त्या कामातील कारागिरांचा अनुभव औरंगाबादला उपयोगी पडण्यासारखा आहे, आणि तो पोचवण्यासाठी दुभाषी लागतील.

तिसरी सूचना अशी की पाणचक्कीला संरक्षण देताना ते आवाराच्या भिंतीपाशी थांबू नये. उगमापासून खामेपर्यंतचा सर्व मार्ग एक वास्तू मानला जावा आणि त्याची मोजणी, नकाशा व बांधकामावरील निर्बंध त्याप्रमाणे ठरवले जावेत. मालकी वक्फची, जमीन अनेकांची, पाणी महानगरपालिकेच्या अखत्यारीतले, अशी वाटणी असताना त्या सर्वांना एकत्र बसवणे सोपे नाही. पण वास्तू एकसंध आहे हे कोणीतरी लिखित पुराव्याने मांडल्याशिवाय त्या बैठकीला विषयच मिळणार नाही. तो पुरावा ग्रंथांत आहे आणि ग्रंथ वाचणे हा आपला पेशा आहे. चौथी सूचना लहान आहे: वर्षातील काही दिवस तरी या चक्कीवर खरे धान्य दळले जावे आणि त्याच्या भाकरी तेथे आलेल्या कोणालाही जात-धर्म न विचारता मिळाव्यात. पाणचक्की म्हणजे काय हे समजावण्यास त्याहून चांगला फलक नाही.

१९५८ मध्ये स्थापन झालेले आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणारे मराठवाडा विद्यापीठ पाणचक्कीपासून दूर नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या महमूद दरवाज्यातून त्याकडे गेल्या असतील. त्यांना आझाद बिलग्रामींचे नाव त्या वाटेवर कोणी सांगितले असते, जात्यावरची ओवी आणि तकियाची मल्फूजात एकाच तासाला कोणी शिकवली असती, तर जमिनीखाली फुटत चाललेल्या नहरीची वार्ता आजवर वाङ्मयीन नियतकालिकांत केव्हाच आली असती. ती आली नाही, याची जबाबदारी एकट्या मराठवाड्यावर टाकून दिल्लीतल्या विभागांनाही सुटता येणार नाही. भारतीय साहित्य एक आहे असे आपण वारंवार म्हणतो. त्या एकतेची खूण पटवणारी जागा अजून उभी आहे, तिच्यात थोडे पाणी अजून येते. ते येणे थांबण्यापूर्वी आपण तेथे पोचलो पाहिजे.

मयूर विहार, दिल्ली